बेटावर नेलेला टेबलक्लॉथ

अण्णा, तुम्ही मला दीवला ज्या घरात नेले होते, त्याच घरात मी काल येऊन उतरले आहे. तुमच्या वेळी ते एका ख्रिस्ती बाईंचे, चार-दोन खोल्या भाड्याने देणारे लॉज होते. आता त्याला बुटीक हॉटेल म्हणतात. कमानींना हळदीसारखा भडक रंग दिला आहे, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत तांब्याचे हंडे मांडले आहेत, ज्यांत पाणी कधी भरले जाणार नाही. माझ्या खोलीतला आरसा एका बाजूला कललेला होता. मी तो सरळ केला; आज खोली झाडून गेल्यावर पाहते तर पुन्हा वाकडा. तुम्ही असता तर ओळंबा मागवला असता. हे मी कौतुकाने लिहीत नाही.

तुमच्या हाताखाली मी जे शिकले ते बोईसरच्या त्या दोन खोल्यांत. साठचे दशक निम्मे सरले होते, तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते आणि तुम्ही तिथे नकाशे काढत होता. आई गेल्यानंतर तुम्ही साताऱ्याकडचे सगळे सोडून मला घेऊन तिथे आलात. स्वयंपाक तुम्हीच करायचात आणि पोळ्यासुद्धा कंपासने आखल्यासारख्या. दुपारी किनाऱ्यावरच्या नवापूरच्या कोळिणी बोंबलाच्या पाट्या घेऊन दारावरून गेल्या की तुम्ही खिडकी लावून घ्यायचात आणि उकाड्यात आपण दोघे घामाघूम होऊन जेवायचो. जेवण झाले की माझी भूमितीची वही. एकदा वर्तुळाच्या परिघावर शाईचा पुसटसा डाग पडला होता. ट्रेसिंगच्या कापडावरची चूक तुम्ही ज्या ब्लेडने खरवडायचात, तेच ब्लेड घेऊन तुम्ही माझे पान वहीतून कापून काढलेत. "चूक झाकायची नसते," तुम्ही म्हणालात, "आणि दुसऱ्याचं काम आपलं म्हणून तर कधीच दाखवायचं नसतं." मी पालघरच्या शाळेत त्या वर्षी मॅट्रिकला पहिली आले ती त्या ब्लेडच्या धाकाने आली, हे मान्य करायला मला आजही हरकत नाही.

निकालानंतर तुम्ही सांगितलेत, आपण सुट्टीला दीवला जाणार आहोत. पोर्तुगीज जाऊन फार काळ झाला नव्हता. ते गाव कसे असेल याची मला कल्पनाही करता येत नव्हती. आपल्या घराण्यात हॉटेलात कोणी राहिले नव्हते. मला वाटले, हे माझे बक्षीस. कॉलेजचा विषय मी काढला की तुम्ही "परत आल्यावर पाहू" म्हणायचात, आणि मी मूर्खासारखी त्याचा अर्थ होकार असा लावला होता. बोईसरच्या फलाटावर आपण उभे आहोत. तुमच्या हातात ट्रंक आणि स्टोव्ह, माझ्या अंगावर शेजारच्या काकूंनी नेसवलेली नवी साडी. आपल्याकडे खिडकीवरून मासे विचारणारी ती नवापूरची म्हातारी तिथेच पाटीला टेकून बसलेली.

"काय सायेब, पोरीचं जमलं हाय काय?"

"सुट्टीला चाललोय आम्ही," तुम्ही म्हणालात.

"सुट्टीला? आनि पोर अशी नटवून? आमाला नाय ठाव असली सुट्टी." ती माझ्याकडे बघून हसली. "बाय, नीट बघून घे हो. मग नको बोलू कोणी सांगला नाय म्हणून."

तिने सांगितले होते, अण्णा. मीच ऐकले नाही, कारण तुम्ही खोटे बोलू शकता ही शक्यता माझ्या हिशेबातच नव्हती. गुजरातेत गाडी बदलली, छोट्या गाडीच्या शेवटच्या स्थानकावर उतरलो, मग होडी. समोर किल्ल्याची भिंत पाण्यातून वर येत होती आणि तुम्ही मला बुरुज मोजायला सांगत होता. मी मोजत होते.

लॉजच्या बाईंनी तुमच्या हातातला स्टोव्ह पाहिला आणि जिन्यात हात आडवा घातला. "साहेब, रूम में रसोई नहीं चलेगा."

"आम्ही बाहेरचं खात नाही," तुम्ही मराठीत ठणकावलेत.

"तो फिर हॉटल में काहे को आया?" बाईंनी विचारले. मला हसू आले, तुम्हाला नाही. तुम्ही स्टोव्ह खाली ठेवलात आणि रात्री काटा-चमचा असा धरलात जणू नवे ड्रॉइंगचे साहित्य हाती आले आहे. माझ्यासाठी माणूस केवढे सोसतो आहे, असे वाटून मला तेव्हा भरून आले होते. ते भरून येणे मला आज अपमानासारखे आठवते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तुम्ही मला पुन्हा ती साडी नेसायला लावलीत. खाली कमानीखालच्या टेबलावर तुम्ही ट्रंकेतून आणलेला टेबलक्लॉथ अंथरलात. निळ्या धाग्याचे मोर, शेजारच्या काकूंनी केलेले. मी त्यांना ते करताना पाहिले होते. मग ती मंडळी आली. मुलगा तिथल्या कचेरीत नव्याने रुजू झालेला, आईवडील त्याच्याकडे राहायला आलेले. आपल्या दोन खोल्या, ती सिमेंटची धूळ, तो बोंबलाचा वास त्यांनी पाहू नये म्हणून तुम्ही हे सगळे रचले होते; आपण सुट्टीला हॉटेलात राहणारी माणसे आहोत असे त्यांना कळवले होते. मुलगी आपल्याच घरी दाखवतात, पण आपले घर तुम्हाला दाखवण्याजोगे वाटले नाही.

मुलाच्या आईने मोरावरून बोट फिरवले. "छान आहे हो. हिचंच का?"

"हिचंच," तुम्ही म्हणालात. "रिकामी बसतच नाही कधी."

मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही कपबशीकडे पाहत होता. मला दाखवायला आणले, हे मी कदाचित गिळले असते. तेव्हा सगळ्याच मुली गिळत. पण त्या मोराच्या मानेचे टाके एकावर एक चढलेले होते, पिसाऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड होती, आणि ते काम तुम्ही माझ्या नावावर लावलेत. तुम्ही.

"हे माझं नाही," मी म्हणाले. "मी केलं असतं तर टाके असे पडले नसते."

मुलाचे वडील मोठ्याने हसले. "मुलगी स्पष्टवक्ती आहे हं!" आईने बोट उचलून पदराला पुसले. मुलगा, ज्याचा आवाज मी तेवढाच ऐकला, म्हणाला, "चहा गार होतोय." पुढे त्यांनी पत्रिका जुळत नाही असे कळवले. पत्रिका आधीच जुळवलेल्या होत्या.

त्या संध्याकाळी तुम्ही टेबलक्लॉथची घडी घालत होता, कडेला कड जुळवून. "एक वाक्य गिळता आलं नाही तुला?"

"तुम्हीच शिकवलंत."

"नकाशात शिकवलं. माणसांत नव्हे."

बोईसरला उतरल्यावर, ट्रंक खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "शीक आता. दुसरं काय उरलंय तुला?" मला जे हवे होते ते मिळाले, अण्णा. मुंबईचे वसतिगृह, पदवी, पुढची पदवी. पण देताना तुमचा हात शिक्षा सुनावणाऱ्याचा होता. डॉक्टरेट मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन घरी आले, काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली, आणि तुम्ही पेढा हातात धरून त्यांना म्हणालात, "लग्न जमलं नाही, म्हणून हे." मी दारात चपला काढत होते. तुम्हाला माहीत होते की मला ऐकू जाते आहे. मी नंतर शेकडो प्रबंध तपासले, कित्येकांना एका सदोष वाक्यासाठी परत पाठवले, लोक मला खडूस म्हणाले. माझे काम निर्दोष आहे एवढे तुमच्या तोंडून एकदा ऐकायचे होते. ते न ऐकताच तुम्हाला स्मशानात पोहोचवून आले.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकले नसते. तुम्ही ते लाल शाईने परत पाठवले असतेत. पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे. आज संध्याकाळी हॉटेलची तरुण मालकीण माझ्यासमोर बसली, पूर्वी कधी इथे आला होतात का म्हणून विचारू लागली. मी म्हणाले, हो, पोरसवदा असताना. मॅट्रिकला पहिली आले म्हणून वडिलांनी बक्षीस म्हणून आणले होते. "त्या काळात? मुलीसाठी?" तिचे डोळे भरून आले. "किती मोठ्या मनाचे असतील ते." मी तिच्याकडे पाहत होते, खरे काय ते माझ्या जिभेवर आले होते.

मी 'हो' म्हणाले आणि दुरुस्ती केली नाही.