मागचे साहेब अजून उठलेले नाहीत

तीर्थस्वरूप मावशी,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा सरकवून मग लिहायला बसलो.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला गेला का, की खोकला तसाच आहे आणि औषधाची बाटलीच तेवढी संपली? इकडे आम्ही सगळे मजेत. म्हणजे आज मजेत आहोत. गेल्या पंधरवड्यात विचारलं असतंस, तर मी उलट तुलाच गुडघ्याचं विचारत बसलो असतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दोन वाक्यं झाली की "जेवलास का?" विचारतेस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून पत्र. निवांत बसून वाच.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात संगणक विभागात लागलो, हे तुला आईने सांगितलंच असेल. (तिने "मोठ्या हुद्द्यावर" असं सांगितलं असेल तर ते सोडून दे.) विभाग म्हणजे मी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, ती खालच्या चष्म्याच्या दुकानाने उसनी नेली आणि आता ती त्यांचीच आहे असं ते मनापासून मानतात. अजून मला कायम केलेलं नव्हतं, त्यामुळे खुर्चीवरून भांडण्याइतका माझा आवाज चढत नव्हता. दवाखाना मोठ्या डॉक्टरांचा. वयस्कर गृहस्थ, हात अजून इतका स्थिर की बघत राहावं, आणि जीभ त्याहून स्थिर. एकदा कोणावर रोखली की हलत नाही.

तर काम काय होतं? पेशंटने वेबसाइटवर तपासणीची वेळ मागायची आणि ती त्याला आपोआप मिळायची. आमच्याकडे यासाठी दोन सर्व्हर आहेत. तुझ्या शिवणाच्या दुकानाचं उदाहरण घे. बाहेर काउंटरवर कोणी तरी हसतमुखाने "या, बसा, काय शिवायचंय?" करतं, आणि आतल्या खोलीत खरं कापड बेतलं जातं. आमचा वेब सर्व्हर म्हणजे तो काउंटर. दवाखान्याचे फोटो दाखवतो, आलेल्याची चौकशी करतो. कोणत्या डॉक्टरांना कधी सवड आहे, हे मात्र आतल्या जावा सर्व्हरला ठाऊक. गंमत अशी की या दोघांची आजवर ओळखच करून दिलेली नव्हती. मग काम चालायचं कसं? रिसेप्शनच्या ताईंमुळे. त्या एका पडद्यावर पेशंटची मागणी वाचायच्या, खुर्ची गर्रकन फिरवायच्या आणि दुसऱ्या पडद्यावर टाइप करायच्या. दिवसभर हेच. घरी गेल्यावरही भिंती फिरताना दिसतात, अशी त्यांची तक्रार होती. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "ते दोन डबे जोडून टाका. एक तार इकडून तिकडे न्यायची, त्यात काय एवढं?" मीही "हो सर, त्यात काय एवढं" म्हणालो. (तोंडातून निघून गेलं गं.)

आता तार होतीच. पण तार असून चालत नाही, बोलणं व्हावं लागतं. पुढचा सर्व्हर हाका मारमारून थकला, मागचा ढिम्म. मी पुस्तकं चाळली, डोकं खाजवलं, दोघांनाही बंद करून चालू केलं. शेवटी कळलं, की जावा सर्व्हरला ज्याने बसवलं त्याने त्याला फक्त स्वतःचंच ऐकायला शिकवलं होतं. बाहेरून कोणी कितीही ओरडा, हा आपला स्वतःशीच बोलतो आणि स्वतःलाच हो म्हणतो. (काका जवळ असतील तर हे वाक्य मनात वाच.) ती सेटिंग बदलली. मग तो ऐकू लागला, पण उत्तर देईना. कारण या दोघांमध्ये एक गुप्त शब्द ठरवावा लागतो, दोन्हीकडे अगदी तोच. शब्द मी तोच लिहिला होता, फक्त एकीकडे त्याच्या शेवटी चुकून एक रिकामी जागा टाइप झाली होती. रिकामी जागा, मावशी! दिसत नाही, ऐकू येत नाही, पण मागच्या सर्व्हरला खटकते. ती शोधण्यात माझी झोप उडाली आणि चष्म्याचा नंबर वाढला असावा असं मला वाटतं. (कर्मचाऱ्यांना तपासणी फुकट आहे, पण जायला वेळ कुणाला?)

या खटपटीत मी एक उपद्व्याप करून ठेवला. मागचा सर्व्हर बंद असला, की पुढचा पडद्यावर एक इंग्रजी वाक्य दाखवतो. ते इतकं रुक्ष, की वाचणाऱ्याला आपणच काही गुन्हा केलाय असं वाटावं. मी एकटाच कंटाळून काम करत होतो, म्हणून त्या जागी स्वतःच्या करमणुकीसाठी लिहिलं: "मागचे साहेब अजून उठलेले नाहीत. कृपया थोड्या वेळाने या." आमच्या धंद्यात सर्व्हर 'उठतो' आणि 'झोपतो', हे तुला माहीत नसेल. आणि मोठे डॉक्टर जेवणानंतर दवाखान्याच्या मागच्या खोलीत रोज थोडे आडवे होतात, हे मला माहीत नव्हतं. वाक्य नंतर बदलायचं म्हणून ठेवलं, आणि नंतर ते पार डोक्यातून गेलं.

एका सकाळी सगळं सुरू केलं. काय सांगू, पहिल्याच पेशंटला वेळ मिळाली, ताईंची खुर्ची जागच्या जागी राहिली, मोठ्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी आनंदात जेवायला गेलो. परत येतो तर मधल्या वेळात साइट बंद पडून पुन्हा सुरू झालेली! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी गुणी बाळ, दुपारी गायब, मी जेवून येईपर्यंत हजर. नोंदी तपासल्या, तर कोसळल्याची एकही खूण नाही. मागचा सर्व्हर सगळी कामं नीट आवरून, दिवे मालवून, शिस्तीत झोपी गेल्यासारखा बंद होत होता. मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, ते नव्याने बसवलं, पुन्हा शिव्या घातल्या. ताईंनी खुर्चीच्या चाकांना तेल घातलं.

आणि मग एका दुपारी ती आली. पलीकडच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत, घड्याळजी, त्यांची लेक. घड्याळजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशन म्हटलं की ते विषय बदलत. हाताच्या अंदाजाने दुरुस्ती चालली होती. एकाच्या घड्याळात तासकाटा आणि मिनिटकाटा उलटसुलट बसवून दिले, तो बिचारा आपल्याच मुलाखतीला भलत्या वेळी पोचला. लेकीने महिनोन् महिने मनधरणी करून त्यांना कसंबसं राजी केलं, त्यांच्यासमोरच फोनवर आमची वेबसाइट उघडून वेळ घ्यायला बसली, तर समोर माझं वाक्य. घड्याळजींनी ते तिच्याकडून वाचून घेतलं आणि त्यांना अगदी हायसं वाटलं. म्हणाले, "बघ, तिथे खुद्द साहेबच झोपलेत. मग आपण कशाला घाई करायची?" आणि दिला नकार.

हे सगळं ती रिसेप्शनवर मोठ्या आवाजात सांगत होती. बाकावरचे पेशंट, एक डोळा झाकलेले, दोन्ही डोळे झाकलेले, सगळे कान टवकारून बसलेले. नेमके त्याच वेळी मागच्या खोलीतून मोठे डॉक्टर बाहेर आले. केस एका बाजूने चपटे, गालावर उशीची घडी उमटलेली. लेकीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का मागचे साहेब? उठलात का?"

मावशी, मी फाइलींच्या कपाटाआड होतो, तरी माझे कान तापले. डॉक्टरांनी तिचा फोन हातात घेतला. वाचलं. चष्मा लावून परत वाचलं. "हे कोणी लिहिलं?" ताई छताकडे बघू लागल्या. मी पुढे झालो आणि म्हणालो, "सर, ते यंत्राबद्दल आहे. जावा सर्व्हरबद्दल."

"मग 'साहेब' कशाला लिहिलंत?"

"आदराने, सर."

बाकावर कोणी तरी फिसकन हसलं. डॉक्टर म्हणाले, "उद्या संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये या. हे दुरुस्त झालं तरी या, नाही झालं तरी या." दुरुस्त झालं नाही तर काय बोलणं होणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. लेक मात्र जाता जाता मला म्हणाली, "तुमची गंमत झाली, पण बाबा आता परत कधी तयार होतील?" मोठ्या डॉक्टरांच्या रागापेक्षा ते जास्त लागलं. रात्री जेवण गेलं नाही. (आईला सांगू नकोस.)

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला गेलोच नाही. साइट बंद पडली तशी माझ्या लक्षात आलं, की ज्या सर्व्हरला मी एवढ्या शिव्या घालतोय त्याचं तोंड मी कधी पाहिलेलंच नाही! मी आपला वरच्या मजल्यावर बसून तारेवरूनच त्याच्याशी बोलत होतो. माझ्या आधीच्या माणसाने "तो मागे ठेवलाय" एवढंच सांगितलं होतं आणि नोकरी सोडून गेला होता. मग मी तार धरली. निळी तार जिना उतरून औषधांच्या काउंटरखालून गेली, मीही गेलो. चष्म्याच्या दुकानातून गेली. (तिथे आमची खुर्ची दिसली. तिच्यावर आता गादी आहे.) मग भिंतीच्या कडेकडेने एका दाराखाली शिरली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी रांगतच आत गेलो, डोळे तारेवर, आणि एका पडद्याखालून डोकं बाहेर काढलं तर नाकासमोर दोन पायमोजे. वर मोठे डॉक्टर, कोचावर, शांत झोपलेले.

तार त्यांच्या उशाजवळच्या कपाटात गेली होती. कपाटात काळा डबा, दिवे विझलेले. मी श्वास रोखून हात लांबवला आणि बटण दाबलं. पंखा घूंऽऽ करून सुरू झाला. त्याबरोबर डॉक्टरांनी डोळे न उघडता, सवयीने, हात मागे टाकला आणि तेच बटण एकदा दाबलं, डबा शिस्तीत गप्प झाला. पुटपुटले, "हल्ली फार गुणगुणतं हे कूलरचं यंत्र."

मी काय करणार होतो? खोकलो. डॉक्टर उठून बसले. जमिनीवर चारी पायांवर मी.

"सर," मी म्हणालो, "हे कूलरचं यंत्र नाही. हाच जावा सर्व्हर."

"मी तर हल्ली हे रोज बंद करतो," ते म्हणाले. "उठल्यावर परत चालू करतो, न चुकता." आणि वाकून डब्यावर हात ठेवला. मग विचारलं, "म्हणजे ते तुम्ही लिहिलेलं वाक्य..."

"दोघांनाही लागू होतं, सर."

मला वाटलं, संपलं. पण ते हसायला लागले, मावशी. कोच हलेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याच रुमालाने पुसलं. आणि मग जे केलं त्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर मानेन. पायांत नुसते मोजे, तसेच रिसेप्शनवर गेले, ताईंकडून घड्याळजींचा नंबर घेऊन फोन लावला आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी मागचा साहेब बोलतोय. उठलोय. चूक माझी होती, यंत्राची नव्हती. तुम्ही कधी येताय?" पलीकडून घड्याळजी काय बोलले ते कळलं नाही, पण डॉक्टर बराच वेळ "मलाही भीती वाटते हो, प्रत्येक वेळी वाटते" असं हळू आवाजात सांगत होते. मी तिथून बाजूला झालो.

घड्याळजी आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. पट्टी काढल्यावर सगळ्यांना वाटलं, आता लेकीकडे बघून गहिवरतील. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, "हे मागे चाललंय" म्हणाले आणि ते उतरवून मागितलं. लेक हसत होती आणि रडतही होती. सर्व्हर आता चष्म्याच्या डब्यांच्या कोठीत हलवलाय, तिथे कोणी झोपत नाही. वाक्य बदललं. मला कायम केलं. ताई म्हणतात, खुर्ची फिरत नाही म्हणून आता पाठ धरते.

तर असा सगळा आनंद आहे. काकांना नमस्कार सांग आणि तब्येतीला जप.

तुझा,
दवाखान्यातला भाचा

ता. क. आईकडून कळलं, की हल्ली सुई ओवायला तू शेजारणीला हाक मारतेस आणि काकांच्या पांढऱ्या शर्टाला निळी बटणं लावून त्यांना तसंच बँकेत पाठवलंस. तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे तुझी वेळ घेऊन ठेवली आहे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी. मी स्टेशनवर घ्यायला येतो. हे पत्र एवढ्या मोठ्या अक्षरात का लिहिलं, ते आता लक्षात आलं असेल.

ता. क. २ काका, हे पत्र तुम्ही वाचून दाखवत असाल, तर वरचं गाळू नका.

ता. क. ३ मावशी, तू लगेच फोन करून "ती वेळ रद्द कर" म्हणशील, हे मला ठाऊक आहे. नवीन व्यवस्थेत वेळ घेता येते. रद्द करायचं बटण मी अजून बनवलेलं नाही, आणि तुझी तपासणी होईपर्यंत बनवणारही नाही.