जोतिबावरची खारट आमटी

गडमुडशिंगी,
१२ नोव्हेंबर १९५४

प्रिय पद्मजा,

पत्राची सुरुवात अशीच करायची असं कालिंदीबाईंनी शिकवलंय, म्हणून ‘प्रिय’ लिहिलं. माझ्या मनात तसं काही नाही, उगाच खूश होऊ नकोस. आठवडाभर मी शाळेत नाही, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? की ‘मिठागर आलं’ म्हणून वर्गात चिडवायला कुणी उरलं नाही, एवढंच?

तुझा निबंध बाईंनी वाचायला लावला तेव्हा मी शेवटच्या बाकावर होते. ‘जोतिबाच्या सहलीनं आम्हां नव्या मुलींना जिवाभावाच्या मैत्रिणी दिल्या.’ पुढचं वाक्य तर मला पाठच झालंय, ‘एका मैत्रिणीच्या चुकीवर आम्ही हसतहसत पांघरूण घातलं.’ वा गं वा! बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसले होते.

आता नीट आठव. आठवीत सगळ्याच नव्या, कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून बाईंनी डोंगरावर दोन दिवस मुक्काम ठेवला. धर्मशाळेत चौघींची एकेक तुकडी केली. आपल्याकडे सगळ्यांची आमटी आली. तू डाळ निवडायची, त्या दोघींनी चूल आणि फोडणी बघायची, मीठ माझ्याकडे. मी बेतानं घातलं. घरी गड्यांसकट सगळ्यांची आमटी मीच करते. पण खेड्यातल्या पोरीला काय कळतंय, असं तुमच्या तिघींच्या मनात. मी पाण्याला गेले आणि एकीनं मूठ टाकली, मग दुसरीनं. ते त्यांनी नंतर माझ्या देखत खिदळत सांगितलं. तुला मात्र मी स्वतः पाहिलं, पद्मजा. मी घागर घेऊन दारात आले तेव्हा तू चांगली मूठभर टाकलीस आणि हात परकराला पुसलास. एकमेकींना विचारलं असतंत तर तोंड झिजलं असतं का?

बाईंनी पहिला भुरका मारला आणि डोळेच मिटले. सगळ्या पोरी कोरडी भाकरी कांद्याबरोबर चावत बसल्या. मीठ कुणी घातलं, असं बाईंनी विचारल्यावर तू म्हणालीस, मीठ बनाकडे होतं. खोटं नाही बोललीस, तेवढी तू हुशार आहेस. तू आपणहून सांगशील म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसऱ्या दिवशी भांडी मी एकटीनं घासली आणि तेव्हापासून मी मिठागर झाले.

त्या दोघींचा मला राग नाही, त्या माझ्या कोण? राग तुझा आहे. पायऱ्या चढताना तुझ्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा मी वेणीची रिबन सोडून बांधून दिला. माझ्या खांद्याला धरून तू वरपर्यंत आलीस आणि घरचं सगळं सांगितलंस, तुझी माई सारखी आजारी असते तेसुद्धा. कुणाला सांगू नको म्हणालीस. मी अजून सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, झाली बाई एक मैत्रीण. कसली मैत्रीण आणि कसलं काय!

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते चिडवायचं नाव आमच्या गावापर्यंत आलं. आत्या म्हणाली, शिकून पोरीला आमटीसुद्धा येईना, आता स्थळ बघा. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिचं पटत नाही, पण मी रोज रडत घरी येत होते ते त्यांना बघवेना, म्हणून आठवडाभर मला घरीच ठेवलं. परवा मला समोर बसवून म्हणाले, “बना, एवढ्या मोठ्या शाळंत तुझ्या बाजूनं बोलणारी एक तरी पोरगी हाय का? असंल तर जा की. न्हाय तर सोमवारी मी नाव काढून आणतो.” मी हाय म्हणाले. कोण म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून तुझंच नाव गेलं. दुसरं माझ्याकडे नव्हतंच. आमच्या गावचे ज्ञानूकाका तुमच्या राजारामपुरीत दूध घालायला येतात, ते रविवारी हे पत्र तुला देतील. सोमवारी आबा शाळेच्या फाटकाशी उभे असतील. डोक्याला लाल पटका, आवाज मोठा. ते रागावलेले नसतात, त्यांचं बोलणंच तसं आहे. बनाची चूक नव्हती, एवढं त्यांना सांग. पुढं माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. तुझा राग मला आहे आणि तो राहणारच. पण तो मला वर्गात बसून धरायचा आहे गं, इथं चुलीपुढं बसून नाही.

तुझीच,
अजून तरी तुझ्याच वर्गातली,
बना