शिवणीत कापड ठेवलेलं नाही

४ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. हे सवयीने लिहिलं, मनापासून आहे असं समजू नकोस.

मी बोलायला लागले की तू फोन ठेवून देतोस. पत्र तसं ठेवता येत नाही, म्हणून लिहिते. तुझ्या बायकोने कळवलं की घोट्याचं प्लॅस्टर कधीच निघालं, पण तू चालायला जात नाहीस. दिवसभर गल्ल्यावर बसून फुटकी बिस्किटं चघळतोस. फुटकं बिस्किट म्हणजे खाणं नव्हे, ती नासाडी वाचवणं, हा बाबांचा बेकरीतला कायदा. डॉक्टरांसमोर मान वर करून गोड बंद आहे म्हणून सांगितलंस, तेही त्याच कायद्याने ना?

तुझी किडनी मला जुळते. पण एवढ्या वजनाच्या माणसाला टेबलावर घेणार नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले, तेव्हा तू शेजारीच बसला होतास. उतरवायचं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त वजन उतरवलंस आणि मग मैद्याच्या पोत्यावरून घसरलास. पाय मुरगळला ते समजू शकते. तोंडाला काय झालं होतं? इथे डायलिसिसच्या सुया टोचून माझ्या हाताची चाळणी झालीय आणि तू तिकडे चुरा गोळा करतोस. लाज वाटली तर कळव.

लोभ राहील, आधी वजन उतरव.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पोट आडवं येतं, तरी साष्टांगच.

तू हुकूम सोडायचे आणि मी पळायचं, हे लहानपणापासून चाललंय. पण किडनी माझी आहे, तुझ्या शिवणाच्या दुकानातलं कापड नव्हे. सगळा दिवस केकच्या भट्टीसमोर उभं राहून मी उकडलेल्या भाज्या गिळल्या. रोज पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो. तेव्हा कौतुकाची एक ओळ लिहिली नाहीस. पडलो तेव्हाही दुखतंय का हे विचारलं नाहीस, परत कधी चालणार ते विचारलंस. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही देणार नाही.

प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी गेलो होतो. कोपऱ्यापुढे पाऊल टाकवेना. आधी टाकी गाठणारा माणूस न्हाव्याच्या दुकानापर्यंतही पोचला नाही. परत आलो आणि संतापाने फुटक्या बिस्किटांचा ट्रे संपवला. दुसऱ्या दिवशी वाटलं, सगळं मुसळ केरात गेलं, आता कशाला जायचं. म्हणून गेलो नाही.

आता तुझं बघू. काल दाजींचा फोन आला होता. तू दोनदा डायलिसिस चुकवलंस आणि शाळेचे गणवेश शिवत बसलीस. वर त्यांना म्हणालीस की भाऊच हात वर करतोय, तर मी कशाला टोचून घेऊ. मला लाज विचारणारी तू कोण? मी पाव किलोने वाढतो, तुझ्या अंगात विष साठतं. मी घसरलो म्हणून तू उडी मारायची, हे कुठलं शहाणपण?

लोभ असावा असं दरवेळी लिहितो. यावेळी लिहीत नाही.
ढब्बू

१८ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

तुझ्या दाजींच्या पोटात काही राहत नाही. डायलिसिसला जाऊन आले. तू ओरडलास म्हणून नव्हे. नर्स तुझ्याहून मोठ्याने ओरडली.

सोबत पँट पाठवते. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा तुझी कंबर जेवढी असेल, त्या अंदाजाने बेतली आहे. आजवर तुझ्या प्रत्येक पँटच्या शिवणीत चार बोटं कापड ठेवत आले. तू सुटायचास, मी उसवून द्यायचे. हिच्यात ठेवलेलं नाही. कितीही रडलास तरी ही सैल होणार नाही.

आणि एक ऐक. बाहीची शिवण वाकडी गेली तर मी सगळा शर्ट फेकत नाही. वाकडी गेली तेवढीच उसवते आणि तिथूनच पुढे शिवते. तू मात्र एका ट्रेपायी सगळे महिने फेकून दिलेस. कोपऱ्यापर्यंत जाववतं ना? मग कोपऱ्यापर्यंत जा.

लोभाचं पँटचं बटण लागल्यावर बघू.
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यावेळी पोट बरंच कमी आडवं आलं.

तुझी पँट पहिल्यांदा मांड्यांवरच अडली. तुला मनसोक्त शिव्या दिल्या आणि ती गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगली. मग कोपऱ्यापर्यंत, मग न्हाव्यापर्यंत, असं करत टाकी गाठली. मध्ये ताप आला आणि पंधरवडाभर सगळं बंद पडलं. एकदा तर नुसत्या कंटाळ्याने बंद पडलं. दोन्ही वेळा पुन्हा कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. तू बरोबर होतीस हे मी लिहिणार नाही. फुटकी बिस्किटं आता अर्ध्या भावात विकतो. बाबा असते तर मला हाकलून दिलं असतं.

तुझी एक खोडी सांगतो. कंबर तू डॉक्टरांच्या हिशेबापेक्षाही घट्ट बेतलीस. काल ती पँट घालून तपासणीला गेलो, तर बटण लागलं पण श्वास सोडता येईना. डॉक्टरांनी वजन बघितलं, आधी बटण काढा म्हणाले आणि मग ऑपरेशनची तारीख दिली.

टाके पडल्यावर ही पँट चढणार नाही. तेव्हा एक सैल शीव, शिवणीत भरपूर कापड ठेव. ती ऑपरेशननंतर शिवायची, आधी नाही. दुसऱ्या कुठल्या शिंप्याला मी माप देणार नाही, त्यामुळे तुला उठून बसावंच लागेल.

लोभ असावा. नसला तरी किडनी देणारच आहे.
ढब्बू