काटे घासलेले तारामासे

कर्जत,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरभी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, बाबा रोज बाजारातून पावटा आणतात. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू बोलू देत नाहीस.

परवा स्टेशनपाशी तुझे बाबा भेटले. भिवपुरीहून पेढे घेऊन आले होते. "पोरीनं समुद्रातला नवा जीव शोधला. आता कालेजात पक्की व्हनार. आन् त्याला तुजं नाव दिलंय म्हनं, अबोली!" सांगताना मालोजीकाकांचे डोळे भरून आले होते. पेढा हातात घेतला. खाववला नाही.

तू तपासायला दिलेले वाळके तारामासे माझ्या टेबलावर आहेत. घरभर कुजकट, खारट वास. त्याची मला सवय आहे गं, त्याचं काही नाही.

पेंटासेरास्टर हा तारामासा ओळखायचा तर भुजांच्या कडेचे काटे बघायचे. कुठे आहेत, कुठे नाहीत, यावर आपण दोघी किती भांडलो! तुझ्या ताऱ्यांच्या कडा गुळगुळीत, म्हणून तू नवी प्रजातीच मांडलीस. शोधनिबंधावर माझंही नाव घातलंस. खोटं कशाला सांगू, मीही हरखले होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काटे होते. त्यांची डोकी घासून सपाट केलेली, एकाच दिशेचे ओरखडे, वर नेलपॉलिशचा थर. एका बेचक्यात कानस पोचली नव्हती. तिथे काटा शाबूत.

एकेका काट्याचे फोटो काढून ठेवले.

फोनवर विचारलं, तर हसलीस. "अगं, मेलेलंच हाय ते. त्याला काय दुखतंय? आनि बघनार कोन?"

"मी बघितलं ना."

"तू बघितलंस म्हंजे घरातच राह्यलं."

सुरभी, काटे घासल्यापेक्षा या वाक्याची किळस आली. घरातली म्हणजे खोटं गिळणारी? माझं नाव प्रेमानं दिलंस की तोंड बंद राहावं म्हणून, हे मला कळत नाही. आता तुला विचारायचंही नाही.

तुझ्या जागेवर संस्थाचालकांना त्यांचा भाचा बसवायचाय, मला माहीत आहे. तुझ्यावर अन्यायच होत होता. पण त्या मुक्या जिवाची ओळख पुसून तू तो कसा निवारणार होतीस?

इतका वेळ टाळलं, ते आता लिहिते. शुक्रवारी मी निबंध छापणाऱ्या शोधपत्रिकेच्या संपादकांना सगळं कळवलं, फोटोंसकट. तुझं नाव घेऊन. काल उत्तर आलं: निबंध थांबवलाय, तुमच्या कॉलेजला विचारणा होणार आहे. मालोजीकाकांना मी काही बोलले नाही. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तू सांग.

भांडायला आलीस तरी ये. आई तुला वाढेल. तुझ्या पानाशेजारी मी बसेन की नाही, हे मात्र आज सांगता येत नाही.

अजून तरी तुझी,
अबोली