शिकंजा जाम आहे
३ मार्च
दिवसभर घरी. बायकोचं सुतारकामाचं टेबल मोजलं. बुटकं. तिच्या उंचीचं, माझ्या मांडीला लागतं. तिच्या भावाचा फोन. म्हणाला, भाऊजी, वापरणार असाल तर ठेवा, नाहीतर पंधरा तारखेला टेम्पो घेऊन येतो, वर्कशॉपला होईल. बहीण जाऊन वर्ष झालं नाही आणि याला टेबल दिसतंय. पंधराच्या आत त्यावर काहीतरी बनवून दाखवणार. विषय संपला.

४ मार्च
अभ्यास केला. मशीनला टेबल उंच लागतं. हातरंध्याला बुटकंच बरं, अंगाचा भार देता येतो. म्हणजे हातकाम. अडचण एकच: टेबलाच्या शिकंज्यात, म्हणजे लाकूड आवळून धरायच्या पकडीत, तिनं धरलेला स्टुलाचा पाय तसाच आहे, अर्धा तासलेला. शिकंजा जाम आहे. म्हणून फळी नुसती टेबलावर ठेवून रंधा मारला. फळी पळाली. रंधा अंगठ्यावर पडला. टेबल भिकार.

६ मार्च
हातकाम हा रिकामटेकड्यांचा धंदा. माणसानं काळाबरोबर चालावं. सँडर आणला, लाकूड घासायचं मशीन. टेबलाच्या चारही पायांखाली विटा लावल्या. उंचीचा प्रश्न मिटला.

७ मार्च
टेबल डुगडुगतं. भुसा उडून शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. ती म्हणाली, वहिनी एवढी वर्षं ठोकाठोक करायच्या, पण माझा टॉवेल कधी पिठात घोळला नाही. मी आत येऊन सँडर खोक्यात आदळला.

१० मार्च
पाठ धरली. दोष टेबलाचा. दोन्हीला चालेल असं नवंच घ्यावं. दुकानदार म्हणाला, हातकामाचं की मशीनचं? म्हटलं, दोन्ही. म्हणाला, साहेब, आधी बनवायचंय काय ते ठरवा. लोकांना साधी विक्री जमत नाही. वर म्हणाला, जुनं एक्सचेंजमध्ये घेतो. तडक बाहेर पडलो.

१४ मार्च
काहीही बनलं नाही. कारण शिकंजा. उद्या मेहुण्याला रोखठोक विचारणार, जाम शिकंज्याचं टेबल नेऊन करणार काय? याला उत्तर नाही.

१५ मार्च
मेहुणा आला. टेम्पो खाली उभा. विटा बघून म्हणाला, काय भाऊजी, टेबलाला हिल्स? मी मुद्दा मांडला. त्यानं दांडी दोन बोटांनी फिरवली. शिकंजा लोण्यासारखा सुटला. स्टुलाचा पाय त्याच्या हातात आला. म्हणाला, तुम्ही कधी फिरवून पाहिलं होतंत का?
ठेव तो, असं मी म्हणालो. शेजारीण गॅलरीत आली, म्हणजे मोठ्यानं म्हणालो असणार.
स्टुलाच्या पायावर बायकोच्या पेन्सिलीची रेघ होती. तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग पाय टेबलावर ठेवला, वाकून विटा काढल्या, खाली जाऊन टेम्पो रिकामा पाठवून दिला. परत वर आला नाही.
पाय होता तसा लावला, रेघ वर. अंगाचा सगळा भार टाकून शिकंजा आवळला. आता जाम आहे.
मग केर काढला. टेबलाखाली तिच्या रंध्याची सालपटं आहेत, ती सोडून.