उजवा डोळा आणि रिळांचा डबा

४ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. पुढच्या मंगळवारी उजवा डोळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, आता टाळाटाळ नको. डावा दोन महिन्यांनी.

मग विचारलं, "आत भिंग बसवायचं ते दूरचं की जवळचं? दूरचं बसवलं तर रस्ता, बसची पाटी, सगळं चष्म्याशिवाय दिसेल. बहुतेक लोक तेच घेतात."

मी हात नाकासमोर धरला. "इथलं द्या. कापड माझ्या डोळ्यांपासून दीड वीत असतं."

"काम काय करता?"

"रफू."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. आजकाल रफू म्हटलं की लोक असंच बघतात. अडतीस वर्षं झाली, लाँड्रीच्या दुकानात मागे माझं टेबल आहे. कोटाला कसर लागली, पँट खिळ्याला अडकली, इस्त्रीने जळलं, की माझ्याकडे. त्याच रंगाचा धागा घेऊन भोकावर असं विणायचं की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडू नये.

वीण बोटांना कळते, शिवाय टेबलावर मोठं भिंग आहे. पण गेली दोन वर्षं सुई काही ओवता येत नाही. ते काम वन्संचं. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच — मी आणि ह्यांची थोरली बहीण. मी कपडे घरी आणते, सकाळच्या उजेडात रंग बघून डब्यातून रीळ काढून देते. वन्सं सुया ओवतात आणि ओळीने सुयांच्या छोट्या गादीत खोचून देतात. टेलिफोनच्या बोर्डावर तीस वर्षं पिना खोचल्या, त्यांना सुईचं काय!

भीती वाटते. पण हा डोळा असाच राहिला तर आणखी वर्षभरात टेबल सोडावं लागेल. त्याची भीती जास्त आहे.

११ ऑक्टोबर, मंगळवार

झालं. उजव्यावर पट्टी आहे. डाव्या डोळ्याने बघून लिहितेय, म्हणून अक्षरं शेंगदाण्याएवढी.

दुखलं अजिबात नाही. तासभर नुसते थेंबच घालत होते. मग चेहऱ्यावर कापड, डोळ्यापुरतं भोक. वर तीन दिवे. ते दिवे हळूहळू वितळले — गुलाबी, मग निळे, मग पाण्याखालून बघावं तसे. डॉक्टरीणबाई सारख्या म्हणत होत्या, "छान, हलू नका, छान." पाव तास. मी मनात टाके मोजत होते. एकशे नव्वदपर्यंत पोचले.

बाहेर वन्सं बसल्या होत्या. हातातला पेपर उलटा होता.

१२ ऑक्टोबर, बुधवार

पट्टी निघाली. काय लिहू!

डॉक्टरीणबाईंचा कोट पांढरा होता. पांढरा म्हणजे पांढरा. तो कसा असतो हे मी विसरूनच गेले होते. डावा डोळा मिटून बघितलं तर पांढराशुभ्र. उजवा मिटून बघितलं तर कोणी त्यावर चहा सांडून वाळवलाय. तिथेच खुर्चीत बसून मिचकावत राहिले — चहा, दूध, चहा, दूध. नर्स म्हणाली, "मावशी, पुरे आता."

घरी येताना वन्संचा स्वेटर बघितला. जांभळा आहे. दोन वर्षं मी त्याला राखाडी म्हणतेय आणि त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही.

१३ ऑक्टोबर

बेसिनच्या नळाखाली हिरवा डाग आहे. वन्संना दाखवला. म्हणाल्या, "एवढ्यासाठी ऑपरेशन केलंस का?"

१५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसातून सहा वेळा थेंब. डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, झोपताना डोळ्यावर जाळीची वाटी. थेंब वन्सं घालतात. घड्याळ लावून येतात, "मान वर," एवढंच म्हणतात.

गॅसची ज्योत निळी आहे. नुसती निळी नाही, मुळाशी गडद आणि वर जवळजवळ नाहीच. दूध उतू जाईपर्यंत बघत बसले.

काम करायला मनाई आहे. पण सुई बघायला कोणी मनाई केली आहे? दहा नंबरची, बारीक नेढ्याची घेतली, धागा घेतला. पहिल्याच फटक्यात आरपार! तिथून उठून सरळ वन्संकडे गेले आणि नाकासमोर सुई धरली.

"छान," म्हणाल्या आणि पेपरचं पान उलटलं. बस्स. थोडा राग आला. एखाद्याच्या आनंदात दोन शब्द जास्त बोलायला काय जातं?

१८ ऑक्टोबर, मंगळवार

गाढवपणा केला. दुपारी डुलकी लागली, वाटी लावली नव्हती, आणि झोपेत डोळा खसाखसा चोळला. जाग आली तर लालभडक, सगळं धुरकट. वन्संनी चपला घातल्या, मला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी ठेवायला सांगितली. बराच वेळ आत बघत राहिल्या. मग, "नशीब. भिंग जागेवर आहे. सूज आलीय, थेंब वाढवते. पुन्हा हात लावलात तर हात बांधून ठेवीन."

परत येताना वन्सं म्हणाल्या, "मी बांधते ना. दवाखान्यापर्यंत कशाला यायचं?" घरापर्यंत माझा हात मात्र सोडला नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

लाली गेली. पुन्हा सगळं लख्ख. जवळचं, म्हणजे. रस्त्यापलीकडच्या एका बाईला ओळखीची समजून हात केला, थांबवलं, नातवाची चौकशी केली. तिला नातू नाही. लग्नही झालेलं नाही. दूरचा चष्मा लवकर करून घ्यायला हवा.

२९ ऑक्टोबर, शनिवार

सोमवारपासून कामाला परवानगी! रोज दोन तास. म्हणून सकाळी रिळांचा डबा उघडला — किती दिवसांनी. खिडकीपाशी बसून रिळं लावायला घेतली.

काळ्या रंगाची म्हणून मी वेगळी ठेवलेली सहा रिळं आहेत. त्यांतली काळी दोनच. दोन गडद निळी आहेत, एक बाटलीच्या काचेसारखं हिरवं, एक तपकिरी. उजवा डोळा मिटला की सहाही काळी.

ही रिळं मीच काढून देत होते. दोन वर्षं! म्हणजे लोकांच्या निळ्या कोटांवर मी काळे रफू घातले? त्या उंच वकिलांचा कोट, शाळेच्या मुख्याध्यापकांचा सूट... अडतीस वर्षांचं नाव. आणि लोकांनी बिचाऱ्यांनी भिडेखातर काही म्हटलं नाही?

जेवण गेलं नाही. वन्संनी विचारलं, मी डोकं दुखतंय म्हटलं.

३१ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात गेल्या गेल्या मालकांना म्हटलं, "माझ्या हातचं धुवायला परत काय काय आलंय? सगळं काढा." त्यांनी सात कपडे काढले. वकिलांचा कोटही होता. दारात उजेडात नेला. रफू कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी शोधावं लागलं.

निळ्यात निळा. तंतोतंत.

दुसरा बघितला, तिसरा बघितला. हिरव्यात हिरवा, तपकिरीत तपकिरी. सातच्या सात! मालक म्हणाले, "मावशी, तुमचं काम कधी चुकलंय का?" मी त्यांच्या काउंटरपाशीच मटकन बसले. हसू आवरेना.

म्हणजे बोटांना रंगही कळतो! डोळ्यांना दिसत नव्हता तो माझ्या बोटांना कळत होता. जेवताना वन्संना सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "अडतीस वर्षांचा हात आहे, उगाच नाही."

"असेल," म्हणाल्या.

१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी वीस सुया मीच ओवल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. वन्सं चहाचा कप घेऊन बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आता तुझं तुला दिसतंय. मी धाकट्याकडे राहायला जाते म्हणते. कधीचा बोलावतोय."

धाकटे दीर बोलावतात हे खरं. पण आत्ता? मी म्हटलं, "तुमची मर्जी." दुकानातल्या दोन तासांत एक टाका नीट पडला नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सगळं कळलं. सावकाश लिहिते.

निळ्या रिळाचा धागा संपत आला होता. रीळ उलटं केलं तर बुडाशी नखाएवढा कागद चिकटवलेला. त्यावर पेन्सिलीने, मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं — "गडद निळा". दुसरं उलटलं — "काळा". तिसरं — "हिरवा, काळपट". डब्यातली चव्वेचाळीस रिळं, चव्वेचाळीस चिठ्ठ्या. बोर्डावर नंबर लिहून ठेवणारा तो टेलिफोन ऑपरेटरचा हात मी कुठेही ओळखीन.

बोटांना रंग कळतो म्हणे. शहाणी!

डबा तसाच उचलून त्यांच्या खोलीत गेले. पलंगावर बॅग उघडी होती, कपड्यांच्या घड्या चालल्या होत्या.

"कधीपासून?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. "वकिलांच्या कोटापासून. कोट निळा, तू रीळ काळं दिलंस. मी बदललं. मग माझीही चूक नको म्हणून चिठ्ठ्या लावल्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी टेबल सोडलं असतंस. तुला मी ओळखते. मग दोघी घरात बसून काय केलं असतं? एकमेकींचे दोष काढले असते."

"रोज बदलत होता?"

"रोज कशाला? कधी कधी बरोबरही द्यायचीस."

हसावं की रडावं कळेना. थेंबांचं निमित्त करून डोळे पुसले. कडेकडेने, डोळ्याला हात न लावता.

मग म्हटलं, "आणि आता हे बॅगेचं काय?"

घडी घातलेला टॉवेल त्यांनी पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "सकाळी उठून मी करायचं काय, वहिनी? पेपर किती वेळ वाचायचा? ओवायला काही राहिलंच नाही."

पंधरा तारखेला मी नाकासमोर सुई नाचवली होती, तेव्हा त्यांनी पान उलटलं होतं. मला तो त्यांचा हेवा वाटला होता. दिसायला लागलं म्हणजे सगळंच दिसतं असं नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "रंग तुम्हाला माझ्याहून कळतो. सुई कळते. मधला टाका तेवढा राहिलाय. तो मी शिकवते."

"एकोणसत्तराव्या वर्षी?"

"कापडाला वय कळत नाही."

"आणि मालक काय म्हणतील?"

"गेली दोन वर्षं तुमच्याच रंगांवर त्यांचं दुकान चाललंय. विचारा त्यांना."

मी खोलीतून निघाले तेव्हा त्या बॅगेचं झाकण लावत होत्या — आणि कपडे बाहेरच होते.

७ नोव्हेंबर, सोमवार

वन्संनी उशीच्या अभ्र्यावर पहिला रफू घातला. भोक बटणाएवढं, रफू बशीएवढा. उसवते म्हणाल्या; मी कात्री लपवली.

संध्याकाळी धाकट्या दिरांचा फोन आला, कधी येतेस म्हणून. स्वयंपाकघरातून ऐकलं — "नाही रे, जमायचं नाही. मी हल्ली कामाला जाते."