नानांचं पोटॅशियम आणि माझं

प्रिय मेव्हणेबुवा,

दाजींचा नमस्कार घ्या आणि अर्धा तुमच्या सौभाग्यवतींना द्या. तुमची पाठ कशी आहे? नवीन गादी मानवली का? इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. तर तुमच्या ताईचं निरीक्षण असं की, कामाचं बोलणं निघालं की तुमच्याकडची रेंज जाते आणि हवापाण्यावर गाडी आली की परत येते. पत्राला रेंज लागत नाही.

भानगड सुरू झाली माझ्या पोटरीपासून. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे, इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि सुरक्षित आहेत असं लिहून द्यायचं. (लिहून दिल्यावर मी जिन्याने उतरतो, हा निव्वळ योगायोग.) दोन महिन्यांपूर्वी एका सोसायटीत सातव्या-आठव्या मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबवून मी तिथल्या चेअरमनना ब्रेक समजावत होतो, तेवढ्यात पोटरीत असा गोळा आला की मी त्या गृहस्थांना मिठीच मारली. त्यांना वाटलं दोर तुटला. त्यांनी देवाचं नाव घेत धोक्याची घंटा दाबली. (ती वाजली नाही. अहवालात लिहायला तेवढा एक दोष मिळाला.) डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम तीन पूर्णांक एक. साडेतीन तरी हवं. रक्तदाबाच्या गोळीपायी ते वाहून जातंय म्हणे. गोळी बदलली आणि वर सांगितलं, खाण्यातून येऊ द्या: केळी, सालासकट बटाटा, पालक, टोमॅटो, घेवड्याच्या बिया, दही, संत्री. मी विचारलं, एखादं टॉनिक नाही का? तर म्हणाले, "तुमच्याकडे मंडई नाही का?" डॉक्टर तरुण आहेत, फटकळ आहेत आणि तुमच्या ताईला फार आवडले.

आता गंमत अशी, की तुमचे तीर्थरूप, म्हणजे आमचे नाना, दोन वर्षं ज्या पथ्यावर आहेत ते याच्या बरोब्बर उलटं. त्यांची मूत्रपिंडं थकलेली. पोटॅशियम बाहेर टाकायचं काम ती सरकारी खात्याच्या वेगाने करतात. त्यामुळे मला जे औषध तेच त्यांना विष. तुमची ताई पडली मुख्याध्यापिका. तिने फ्रिजवर दोन कागद डकवले, डावीकडे 'नाना', उजवीकडे 'हे'. त्यांचे बटाटे सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडायचे आणि पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं. पण फेकणं तिच्या स्वभावात नाही. ते पाणी माझ्या सुपात येऊ लागलं. (एकवीस वर्षांत सासुरवाडीकडून मला मिळालेली ही पहिली गोष्ट, आणि तीही पातळ.) जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर बसतो. ते माझ्या टोमॅटोकडे बघतात, मी त्यांच्या सोललेल्या सफरचंदाकडे. शेजाऱ्याच्या ताटातलं सगळ्यांनाच गोड लागतं, पण आमच्याकडे त्याला वैद्यकीय आधार आहे.

मला रोज दोन केळी. एक सकाळी डब्यात, एक संध्याकाळी साडेसहाला. केळी भराभर संपत होती, साली बादलीत पडत होत्या, सगळं शिस्तीत. मग महिन्याने दोघांचे रक्ताचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. माझं पोटॅशियम होतं तिथेच, जेमतेम सव्वातीन. नानांचं पावणेसहा. तुमच्या ताईने एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा असे कागद धरले आणि शाळेत कॉपी पकडल्यावर बघते तसं बघितलं. "केळं ह्यांच्या नावावर आणि पोटॅशियम नानांच्या अंगात. हा काय प्रकार आहे?" नाना वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "खाल्ली मी. मोह झाला." बास. पुढे एक अक्षर नाही. मी तेव्हा पंख्याकडे बघत होतो.

नानांना लगेच औषधाची पूड सुरू झाली. आता ते पाचाच्या आत आलेत, काळजी नसावी. पण ताईचा निकाल लागला आहे: ज्या घरात माझ्यासाठी केळी येतात त्या घरात नाना राहू शकत नाहीत. तुमच्याकडे केळ्याच्या वासानेच सौभाग्यवतींचं डोकं दुखतं, म्हणजे पथ्य आपोआप सांभाळलं जाईल. तेव्हा येत्या रविवारी येऊन नानांना घेऊन जावे, ही विनंती. माझंही मत तेच आहे.

आपला,
दाजी

ता.क. वरचा मजकूर तुमच्या ताईने वाचून, दोन ठिकाणी सुधारून मंजूर केला आहे. हा भाग टपालपेटीच्या डोक्यावर कागद ठेवून लिहितोय, अक्षराला हसू नका. मेव्हणेबुवा, केळं मला गिळवत नाही. लहानपणापासून. म्हणून डब्यातलं मी कामावर कुणाला तरी देऊन टाकायचो, आणि साडेसहाला नानांनी आणि मी मागच्या गॅलरीत बुद्धिबळ मांडलं की मी डावावर केळं लावायचो आणि मुद्दाम हरायचो. (हे वाटतं तितकं सोपं नाही. तुमचे वडील इतकं वाईट खेळतात की त्यांच्याकडून हरायला डोकं लागतं.) पथ्याचं काय, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "जिंकलेलं बाधत नाही." आणि मलाही वाटलं, एका केळ्याने काय होतंय! काय होतं ते डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन नीट ऐकवलं. त्यांना मी खरं सांगून टाकलं होतं. त्यांनी वापरलेले शब्द पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.

ता.क. दुसरा. आता केळी मी स्वतः गिळतो, नाक दाबून, स्वयंपाकघरातच. डावावर काही लावत नाही. नाना रोज हरतात, रोज चिडतात, आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच पट मांडून बसलेले असतात. माझं नाव त्यांनी मुलीला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा रविवारी येऊ नका. घराला रंग काढलाय, पाठ धरली आहे, काय वाटेल ते कळवा, पण नाही म्हणा, त्यात तुमचा हात चांगला बसलेला आहे. तुम्ही हो म्हणालात तर नानांना ठेवून घ्यायला मला तुमच्या ताईला खरं सांगावं लागेल, आणि लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर ही नवीन सवय लावून घ्यायचं माझं वय नाही.